बाजाराची सनद

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी चाकणच्या शाळेत मास्तर होतो आणि गावच्या बाजाराचा इतिहास लिहायची खाज मला सुटली होती. बाजाराची जुनी सनद पुण्याच्या दप्तरखान्यात आहे, असं कळलं. मग काय! अर्ज करा, त्याला तिकीट लावा, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या. पाच वेळा एसटीचे धक्के खाल्ले, नकलेची फी भरली, अर्धा पगार त्यातच गेला. शेवटी नक्कल हातात पडली ती मोडी लिपीत, आणि मला मोडीचा गंध नव्हता.

गावातले कांद्याचे एक म्हातारे अडते अजून मोडीतच लिहीत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नक्कल घडाघडा वाचली आणि म्हणाले, "शेवटच्या दोन वळी गाळल्यात यात."

"तुम्हाला काय ठाऊक?" मी चिडूनच विचारलं.

त्यांनी देव्हाऱ्यातलं लाल फडक्याचं पुडकं माझ्यापुढे ठेवलं. "अस्सल हितंच हाय. दर दसऱ्याला सोनं द्यायला येता, तवा याच्याच तर पाया पडता की, मास्तर!"