फडक्याच्या रेघा

घड्याळ हाती आलं की आधी खिशातल्या फडक्याने पुसायचं आणि मगच डोळ्याला भिंग लावायचं, ही घड्याळवाल्याची चाळीस वर्षांची सवय. नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात नाण्यांचा दर्जा ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याचा दोस्त शिंपी म्हणे, "नाणं उजेडात तिरकं धर. मूळची चमक शाबूत असेल तर ते उत्तमच." घड्याळवाला मात्र एक रेघ दिसली की दर्जा उतरवायचा.

बायको गेल्यावर शिंप्याने तिचं माहेरचं चांदीचं नाणं मंडळात तपासायला आणलं. घड्याळवाल्याने नाण्याच्या पाकिटावर लिहिलं, "मध्यम. पुसल्याच्या रेघा."

"अरे, तिने ते कधी मलमलीतून बाहेरसुद्धा काढलं नाही!"

"मग रेघा काय मुंग्यांनी ओढल्या?"

सगळे हसले, शिंपी सोडून.

सहा वर्षांनी, काल, घड्याळवाल्याच्या मुलीने त्याला एक नवं कोरं नाणं दाखवलं. त्याने ते सवयीने पुसलं, तशी ती ओरडलीच, "बाबा, फडक्याने घासता काय!" त्याने भिंगातून पाहिलं. तशाच बारीक रेघा.

तो तडक शिंप्याच्या दुकानात गेला. "वहिनींच्या नाण्यावरच्या रेघा माझ्याच."

"ठाऊक आहे," शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "मी समोरच बसलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"चारचौघांत तुला कुठे खोटं पाडू? वाटलं, घरी गेल्यावर तुझं तुलाच आठवेल."

घड्याळवाल्याने पाकीट मागून घेतलं, "रेघा परीक्षकाच्या" असं लिहून खाली सही केली. नाण्याला मात्र त्याने हात लावला नाही.