बिनदांड्याची सायकल

आमचे यजमान रोज सायकल घेऊन कचेरीत जात. धोतराला क्लिप लावायची, टोपी सारखी करायची, हँडल धरायचं आणि सायकलीच्या शेजारून चालायला लागायचं. गल्लीत कोणी विचारलंच तर सांगायचं की मागच्या चाकात हवा कमी आहे, नाक्यावर भरून घेतो. लग्न होऊन मी महाल भागातल्या त्या गल्लीत आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटत होतं की नागपुरात हवेचा दुष्काळ आहे.

खरी गोष्ट अशी होती की ह्यांना सायकल चालवताच येत नव्हती. लहानपणी कधीतरी पडले, ते पुन्हा बसले नाहीत. सायकलीचं शास्त्र मात्र तोंडपाठ. चाक फिरवून नुसता कान लावायचे आणि बेअरिंगमधला कुठला छर्रा झिजलाय ते सांगायचे. गल्लीची नजर नाक्यापर्यंतच पोचत असे, त्यामुळे पुढे गेल्यावर हे टांग मारून बसत असतील असं सगळे धरून चालत. आणि हे तलावाच्या काठाकाठाने थेट सिव्हिल लाइन्सपर्यंत पायी. मी एकदा म्हटलंही, "लोकं सायकलीवर बसून जातात, तुम्ही सायकलले फिरवून आणता." ते हसले आणि टोपी खुंटीला लावली. माझे टोमणे ते औषधासारखे घेत, तोंड वाकडं न करता.

साहेब लोकांच्या बदल्या झाल्या की बंगल्यांवर सामानाचा लिलाव होई. टेबल, खुर्च्या, आरसे असं सगळं लोक उचलत आणि मागे राहिलेली वाकडी-तिकडी सायकल ह्यांच्या गळ्यात पडे. पडे म्हणजे हेच मान पुढे करत. एरवी बुधवारी बाजारातले भंगारवाले ह्यांना ओळखून होतेच. माझ्या ओसरीत बसायला पाट नव्हता, पण सायकलींची चाकं भिंतीला टेकून आरामात बसलेली असत. टायर उकलायला माझं उलथणं जाई. मिऱ्यांच्या डबीत एकदा छर्रे निघाले. त्या दिवशीचं सार कोणी प्यालं नाही.

बरं, एवढं करून सायकल द्यायची कोणाला, तर गल्लीतल्या पोरांना, फुकट. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार आणतात, बैलाला ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा, म्हणजे खाऊ किंवा एखादं नाणं. आमच्या घरचा बोजारा सायकलीचा. वर्षभरात जी तयार झाली असेल ती, ज्या पोराला शाळेसाठी लांब चालावं लागतं त्याला. अट एकच होती. गुडघे हँडलला लागायला लागले की सायकल परत आणायची, मग ती पुढच्या पोराची. त्यामुळे गल्लीतली पोरं उंच होऊ लागली की त्यांच्या आयांना आनंद होई आणि पोरं गुडघ्यांकडे संशयाने बघत.

आता प्रश्न असा की द्यायच्या आधी सायकल चालवून कोण पाहणार? हे बसणार नाहीत. बाहेरच्या कोणाला बसवावं तर बिंग फुटायचं. उरले मी. घरामागे भिंतीने घेरलेलं चांगलं ऐसपैस अंगण होतं. मधे विहीर, एका अंगाला तुळस, दुसऱ्या अंगाला पेरू. ह्यांनी मागून सीट धरली, तोंडाने सगळं शास्त्र सांगितलं आणि मी जाऊन पेरूला धडकले. असं पुष्कळदा झालं. पण मी पारशिवनीकडची, शेतकऱ्याघरची. माहेरी बंडी हाकलेली होती. बैलाच्या मनात काय आहे ते आधी ओळखावं लागतं. सायकलीच्या मनात काही नसतं, हे एकदा कळल्यावर मला ती जमली. नऊवारीचा कासोटा घट्ट मारायचा आणि निघायचं. दुपारी गल्ली निजली, पाळण्यात आमची धाकटी निजली, की मी विहिरीला आणि तुळशीला फेऱ्या घाली. सायकलवरून तुळशीला प्रदक्षिणा घालणारी त्या घराण्यातली मी पहिलीच सून असेन.

संध्याकाळी हे आले की चहाच्या आधी माझी जबानी. उजवीकडे ओढते का, ब्रेक लावल्यावर कुरकुरते का, बसताना सीट हलते का. मी सांगायची, "सायकल चांगली आहे, बनवणाराच ढिला आहे." मग ते पाना घेऊन बसत.

एका उन्हाळ्यात साहेब लोक पचमढीला निघायच्या गडबडीत होते तेव्हा एक मडम कायमची विलायतेला परत गेली. तिच्या लिलावातून ह्यांनी एक सायकल आणली. बायकांची, मधे दांडा नसलेली. गंजलेली होती, चाकाच्या तारा तुटलेल्या होत्या, पण ह्यांनी ती ओसरीत ठेवली आणि चहाही न घेता तिच्याभोवती फिरत राहिले. मी म्हटलं, "सवत आणायची तं नवी तरी आणायची." तो पोळ्यापर्यंतचा माझा शेवटचा मोठा टोमणा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सायकल कोणाला जायची ते ठरलेलंच होतं. आमच्या शेजारी एक तेरा-चौदा वर्षांची पोर आपल्या आजीजवळ राहत असे. सीताबर्डीवरच्या मुलींच्या शाळेत ती दमणीतून जाई. पण गल्लीतल्या दमणीत बसणाऱ्या बाकीच्या मुलींची एकेक करून लग्नं झाली, आणि एकटीसाठी बैल जुंपायला दमणीवाला तयार होईना. जुलैत शाळा उघडली तशी पोर घरीच. शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला की पोळ्यापर्यंत वाट पाहते, मग नाव कापते. आजीचं म्हणणं सरळ होतं, शाळा नाही तर मग स्थळ पाहायला लागू. पोर ओसरीवर येऊन बसे, तारा पुसून देई आणि सायकल कधी होणार हे काही विचारत नसे. तिचं ते न विचारणंच मला बघवत नसे.

आजीला पटवणं सोपं नव्हतं. ती खेड्यातच वाढलेली. एक दिवस काठी टेकत आली आणि सायकलीला चारी बाजूंनी फिरून पाहिलं, बाजारात बैल पाहतात तसं. दात पाहायला मिळाले नाहीत म्हणून जरा नाराज झाली. मग ह्यांना विचारलं, "मारकी तं नाही ना गा?" ह्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं की नाही. तेव्हा ती म्हणाली, तान्ह्या पोळ्यापर्यंत केव्हाही द्या, पण आधी माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी बसून दाखवायचं. हे हो म्हणाले. पोळा लांब होता, आणि लांबच्या गोष्टीला हो म्हणायला ह्यांचं काही जात नसे.

सायकल श्रावणाच्या आधीच तयार झाली आणि माझ्याकडे तपासायला आली. तोवर मी पुरुषांच्याच सायकली चालवल्या होत्या, लुगडं सांभाळत, दांड्यावरून पाय टाकत. हिच्यावर मी नुसती बसले. हिने कुठे ओढलं नाही की कुरकुर केली नाही. विहिरीभोवती वळताना भिंतीवरची मांजर माझ्याकडे पाहत होती आणि मला हसू फुटलं. खरं सांगते, लग्नानंतर मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. अंगण तेच, विहीर तीच, पण मी मात्र कुठेतरी निघाले आहे असं वाटे. संध्याकाळी मी जबानी दिली की सायकलीत काही दोष नाही, देऊन टाका.

हे म्हणाले, मागचं चाक थोडं आउट आहे. चार दिवस तेच करत बसले. मग म्हणाले, पुन्हा चालवून पाहा. मी पाहिलं, ठीक होतं. तेव्हा ह्यांना छर्र्यांचा आवाज येऊ लागला. मला येत नव्हता, शेजाऱ्यांना येत नव्हता, पण ह्यांच्या कानाला कोण काय म्हणणार? छर्रे धुऊन झाले तर ब्रेक ढिला निघाला. प्रत्येक वेळी दुरुस्ती संध्याकाळी आणि चालवून पाहणं दुसऱ्या दुपारी माझं. श्रावण सरत आला. पोर ओसरीवर बसून तीच तार पुन्हा पुसत होती. मला ह्यांचा राग येऊ लागला, की हातातली वस्तू सोडवत नाही म्हणून ह्या माणसाने पोरीचं वर्ष बुडवायचं का? तरी मी बोलले नाही. का बोलले नाही, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून शेकतात. आमच्याकडे बैल नव्हता, म्हणून हे सायकलीला तेल देत बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात आले तर पाहते काय, ह्यांनी मागच्या ब्रेकचा नट स्वच्छ पुसला, आवळला आणि मग पाना उलटा धरून तोच नट हळूच ढिला केला.

मी विचारलं, "चांगला नट ढिला काहून करून राहिले?"

ते दचकले. पाना फडक्यात गुंडाळत बसले आणि मान वर न करता बोलले. "बाकी सायकली परत येतात. ही येणार नाही, पोरीचे गुडघे हिच्या हँडलले लागतच नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "हिच्यावर बसाले लागल्यापासून तू मले एक टोमणा नाही मारला. म्हटलं, राहू द्या अजून चार दिवस."

मी मनातल्या मनात मागचे दिवस चाळून पाहिले. खरंच नव्हता मारला. हवेवरून नाही, उलथण्यावरून नाही, रागावले होते त्या दिवसांतही नाही. मला वाटायचं सगळं मीच पाहते आहे आणि हे नुसते चाकात डोकं घालून बसलेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

मी म्हटलं, "आवळा तो नट. पोरीचं नाव कापलं जाईन."

त्यांनी आवळला. मी पुरणाची डाळ भिजवली.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी सगळी गल्ली मारबतीची मिरवणूक पाहून परतली होती आणि पोरं आपापले लाकडी बैल ओढत आमच्या दारात जमली होती. पोरीने बैल आणला नव्हता. आजीने सायकलीलाच झेंडूची माळ घातली, हँडलच्या दोन्ही टोकांना बेगड गुंडाळलं, शिंगांना लावतात तसं, आणि ओवाळलं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "आता तूच बसून दाखव ना गा, बापू."

ह्यांचा चेहरा सार न प्यायलेल्या दिवसासारखा झाला. म्हणाले, सीट खाली आहे, माझे पाय लांब. आजी म्हणाली, मग वर कर. म्हणाले, हवा कमी आहे. ती म्हणाली, आताच तं भरली. सगळी गल्ली पाहत होती. इतकी वर्षं नाक्यापर्यंत सांभाळलेली अब्रू आता दारातच जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि ह्यांच्यावर टोमणा मारायचा हक्क फक्त माझा आहे, गल्लीचा नाही.

मी कासोटा घट्ट केला, सायकल त्यांच्या हातातून घेतली आणि बसले. अंगणाची भिंत नव्हती, विहीर नव्हती. समोर सरळ गल्ली होती, लाकडी बैल बाजूला होत होते. मी नाक्यापर्यंत गेले आणि वळून परत आले. थोडं पुढेही गेले होते, तलाव दिसेपर्यंत. ते मी कोणाला सांगितलं नाही.

परत आले तेव्हा बायका तोंडाला पदर लावून होत्या. आजीने मला आणि सायकलीला एकाच नजरेने तपासलं आणि म्हणाली, "मारकी नाही." पोरीच्या हातात हँडल देऊन तिने पाठीवर थाप मारली, सायकलीच्या. गल्लीने पुढे असा निष्कर्ष काढला की यजमान मोठे सुधारक, बायकोला सायकल शिकवली. शाबासकी सगळी त्यांना. हे मान खाली घालून ती घेत राहिले.

पोर आमच्याच अंगणात शिकली. पेरूची तिला माझ्याइतकी ओळख करून घ्यावी लागली नाही. शाळेत निरोप गेला होता, नाव राहिलं. एका सोमवारी सकाळी ती निघाली, आजी नाक्यापर्यंत काठी टेकत मागे गेली. त्यांच्या पाठोपाठ आमचे यजमान आपली सायकल हातात धरून निघाले. मी दारातून विचारलं, "काहो, आजही हवा कमी आहे वाटते?" त्यांनी मागे वळून पाहिलं. इतका खूश झालेला माणूस मी कचेरीत जाताना पाहिलेला नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पहिल्याच रविवारी पोर दारात हजर, सायकल घेऊन. म्हणाली, "काकू, चेन उतरून राहिली वाटते." ह्यांनी चेन पाहिली, कान लावला, मान हलवली आणि मला म्हणाले की चालवून पाहा लागते. मी अंगणात फेऱ्या घातल्या. चेन कसली उतरते! पुढच्या रविवारी ब्रेक, त्याच्या पुढच्या रविवारी सीट. ती पोर शाळेत काय शिकत होती कोणास ठाऊक, पण खोटं बोलायला ती कोणाकडून शिकली ते मला चांगलं माहीत होतं. हे ओसरीत पाना हातात घेऊन, माझ्याकडे मुळीच न पाहता, बसलेले असत.

पोर मॅट्रिक होईपर्यंत त्या सायकलीत दर रविवारी काहीतरी बिघडत होतं. सोमवार ते शनिवार मी ह्यांना सोडत नसे. रविवारी टोमणे बंद.