वजन बघून घेतलेलं वेल्डिंग मशीन

पहिलं वेल्डिंग मशीन मी उचलून बघून घेतलं. सांगलीच्या दुकानदारानं समोर दोन ठेवली होती. एक जेवणाच्या डब्याएवढं, एका हातात येणारं. दुसरं चाकांवरचं, आत तेल भरलेलं, जुन्या धाटणीचं धूड. ते जागचं हलवायला मला कंबर सावरावी लागली, आणि तिथंच माझा निर्णय झाला. "हलकं म्हणजे आत पोकळ," हे मी दुकानदारालाच समजावून सांगितलं. शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे समजावून सांगायची सवय आहे. विषय कुठलाही चालतो.

बायको शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आवं, पण घरच्या लाइटीवर चालंल का ह्ये?"

मी नुसता हसलो.

मशीन हवं होतं तिच्याच शेळ्यांसाठी. घरामागच्या उसाच्या कडेला बिबट्याचे ठसे दिसले होते, आणि शेळ्यांच्या शेडला दार म्हणून बांबूची ताटी. दोन शेळ्या, त्यातली एक गाभण. ठसे दिसल्यापासून बायको शेडमध्येच बाज टाकून झोपत होती, उशाला बॅटरी आणि कोयता घेऊन. ती मेढ्याकडची, डोंगरातली. भीती तिला माहीत आहे, पण ती भीतीला बसायला पाट देत नाही. मी झोपतो म्हणालो, तर म्हणाली, "नगं. तुमच्या घोरण्यानं शेळ्या बिथरत्यात." गावातला फॅब्रिकेशनवाला महिनाभर "उद्या नक्की" म्हणत होता. तेव्हा मीच जाहीर केलं, दार मी करणार.

धूड घरी आलं. वायरमननं त्याच्या पाठीवरची पट्टी वाचली आणि टोपी मागे सरकवली. "सर, ह्याला मोटारीची लाइन लागती, थ्री फेज. हिरीवर चालंल, घरात न्हाई."

विहीर अर्ध्या किलोमीटरवर.

"मग शेळ्या हिरीवर न्यायच्या का?" बायकोनं अगदी गंभीरपणे विचारलं.

तोवर मी मूळ केबल कापून लांब केबल जोडली होती, त्यामुळे दुकानदार मशीन परत घेईना. शेवटी कुपवाडला, शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि दुकानातली सगळी हकीकत त्याला सांगितली, डब्यासकट. गणितात मी त्याला पेपर दाखवायचो. दोघंही नापास व्हायचो.

त्यानं मशीनचं नावच काढलं नाही. "आदी सांग, जोडायचंय काय? किती जाड? आन् घरात लाइट कंची?"

"शेडचं दार. साधा अँगल, साध्या सळ्या. लाइट सिंगल फेज."

"मग त्यो डबाच घ्यायचा की रं! आतनं पोकळ न्हाई, शाणा हाय त्यो."

"आणि कापायला गॅसचं नळकांडं?" मला त्या निळ्या ज्योतीचं फार आकर्षण होतं.

"गड्या, दार करायचंय का पूल पाडायचाय? चार इंची ग्राइंडर घे. आन् त्याचं गार्ड काढू नगंस. लय जण काढत्यात, मग बोटं मोजत बसत्यात."

यादी त्यानंच सांगितली: अडीच एमएमचे रॉड, चामडी हातमोजे, आपोआप काळी होणारी काच असलेला मुखवटा, ग्राइंडरसाठी वेगळा चष्मा. अंगात जाड सुती शर्ट, पूर्ण बाह्यांचा. "टेरिकॉट घालून आलास तर ठिणगीनं वितळून कातडीला चिकटंल."

मग त्यानं मला भंगाराच्या तुकड्यांवर सरावाला बसवलं. पहिले सहा-सात रॉड लोखंडाला असे चिकटले, की ओढून सुटेनात. "घासून पेटव, काडी वडल्यागत," तो म्हणाला. "आन् उजेडाकडं बगू नगंस, वितळल्यालं लोखंड बग." दुपारपर्यंत माझी रेघ गांडुळासारखी, पण सलग जाऊ लागली. मला तेवढं पुरे होतं.

तो डबा आणि यादीतलं सगळं विकत आणून पुढच्या रविवारी अंगणात दार केलं. अँगलवरचा रंग आणि गंज घासून काढला, चारी कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत ना ते बघून आधी वेल्डिंगचे टाके मारले, मग भरून घेतलं. सांधे जाडेभरडे झाले, ओबडधोबड झाले. पण त्या दिवशी मला एकदाही वाटलं नाही की हे सुटेल. बिजागऱ्यांवर दार चढवलं, कडी लावली आणि बाजूला उभा राहिलो.

बायकोनं सांध्यांकडं बघितलंही नाही. तिनं पदर खोचला, वरच्या सळीला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलून सरळ लोंबकळली. मी डोळे मिटले. दार कुरकुरलंसुद्धा नाही. आतून गाभण शेळीनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा पाल्यात तोंड घातलं.

"बिबट्या माज्यापरास हलकाच असंल," हात झटकत ती म्हणाली. मग शेडमधली उशी, बॅटरी आणि कोयता काखेत मारून घराकडं निघाली. धुडापाशी जरा थांबली.

"माजी बाज आत घ्या आता. आन् ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या. बिबट्या आलाच, तर त्यालाबी उचलून बगू द्या."