झालरीतली कोयरी

२००५ साली आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या एका जुन्या गल्लीत घर घेतलं. उभ्या फळ्यांच्या भिंती, तीव्र उताराचं छप्पर आणि वर एकच टोकदार कमानीची खिडकी. एकोणिसाव्या शतकातले सुतार नमुन्यांच्या पुस्तकात बघून अशी घरं बांधत. मोठ्या चर्चमध्ये जी नक्षी दगडात कोरत, ती यांनी साध्या फळीत करवतीने कापली आणि छपराच्या कडेला झालरीसारखी ठोकली.

हे ज्ञान मला शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिलं. दर वर्षी पानगळीत त्या लोकांना ही घरं दाखवत फिरवायच्या. त्या वर्षी सुरुवात आमच्यापासून होती, कारण मूळची झालर शाबूत असलेलं गल्लीत आमचं एकच घर होतं.

फेरी रविवारी, लक्ष्मीपूजन मंगळवारी. आकाशकंदील घराच्या सर्वांत उंच टोकालाच लागला पाहिजे, हे माझं पुणेरी तत्त्व. शनिवारी सकाळी हातोडी घेऊन शिडीवर चढलो.

"अहो, खिळा नको. लाकूड जुनं आहे," खालून बायको म्हणाली.

"तू फक्त शिडी धर."

दुसऱ्याच घावाला झालरीतलं एक लाकडी पान तडकून तिच्या पायाशी पडलं.

"धरलीये," ती म्हणाली.

चिवड्याचा डबा आणि पानाचे तुकडे घेऊन दोघं बाईंकडे गेलो. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि टेबलावर तुकडे जुळवले. शेंडा सापडलाच नव्हता.

"इतक्या वर्षांच्या बर्फाला जे जमलं नाही, ते तुम्हाला किती वेळात जमलं?"

"दोन मिनिटं."

"करवत माझ्या तळघरात आहे. लोक उद्या दहाला येतील."

बायकोने तुकड्यांभोवती पेन्सिल फिरवली आणि शेंडा अंदाजाने काढला. रांगोळीचा हात तो, शेंडा वळलाच. मी रेषेवरून इमानदारीत कापलं, रंगवलं, स्क्रूने बसवलं. खाली उतरून पाहिलं, तर पानांच्या रांगेत एक ठसठशीत कोयरी.

रविवारी मी पडद्याआड उभा राहिलो. बाई नेमक्या तिथेच थांबल्या.

"सुतार पुस्तकातला नमुना आपल्या हाताला जमेल तसा उतरवत," त्या लोकांना म्हणाल्या. "ते वळलेलं पान कालचं आहे. पडद्यामागे सुतार आहेत, त्यांना विचारा."

कंदील शेवटी अंगणातल्या मेपलच्या झाडाला लागला. शिडीवर बायको चढली. मी धरली.