बंडीच्या खिशातल्या दोन कॅप्सूल

आबांनी ढेकर दिला. ढेकरात नुसता कांदा होता. माझ्या हातातला डबा हातातच राहिला.

संध्याकाळची दौंडची गाडी मांजरीतून सुटली होती. समोरच्या बाकावर खुटबावचे दत्तूआबा आणि त्यांच्या मालकीण हौसाबाई बसले होते. दुपारी आमच्याच डिपार्टमेंटला आबांना किरणांचा पहिला डोस दिलेला. मी पुण्याच्या एका हॉस्पिटलात रेडिओथेरपीला सिस्टर आहे. राहते दौंडच्या रेल्वे कॉलनीत, त्यामुळे आमच्या बाजूचे पेशंट असले की येता-जाता गाडीतच गाठ पडते. आबा कितीतरी दिवसांनी अर्धी भाकरी खाऊन बसले होते, आणि खरं तर मला त्याचं बरं वाटायला हवं होतं.

आता कांद्याचा वास आला तर बिघडलं काय, ते सांगते.

आबांच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागं आडवा पडलेला अवयव, आणि आतडं त्याला असं बिलगून असतं, जसं आईच्या कडेवर पोर. गाठ ऑपरेशनला हाती लागत नव्हती. मग एकच ठिकाण धरून जोरात किरण मारायचे, मोजून पाच वेळा. नेम केसाएवढा असतो. पण किती केलं तरी शेजारच्या आतड्याला झळ बसतेच. जास्त बसली तर आत जखम होते, रक्त जातं, कधी भोकही पडतं. म्हणून डॉक्टर हात आखडता घेतात आणि गाठ तगून राहते.

आमच्याकडे यावर एक अभ्यास चालू आहे. ट्रायल म्हणतात. किरणांच्या अर्धा तास आधी दोन कॅप्सूल घ्यायच्या. त्या आतड्याच्या अस्तराला सांभाळतात, म्हणून गाठीला नेहमीपेक्षा थोडा वाढीव डोस देऊन बघायचा. खोड एकच, औषध घेतलं की तोंडाला सडक्या लसणासारखा वास येतो आणि तो रात्रीपर्यंत जात नाही. आधीच्या पेशंटच्या बायका तोंडाला पदर लावून बसायच्या.

आणि आबांच्या तोंडाला नुसता कांदा.

"आबा, दुपारी औषध घेतलं होतं ना?"

"घेतलं की."

"माझ्यासमोर घेतलं?"

"तुमच्यासमूरच. तुम्ही तिकडं बघत व्हता."

हे मात्र खरं होतं. नियम असा की पेशंटनं कॅप्सूल गिळताना सिस्टरनं बघायचं, मग सही करायची. आबा म्हणाले होते, "आमच्या आईची शिकवण हाय, दवा सूर्याकडं तोंड करून, डोळं मिटून घ्यायची." ते खिडकीकडं वळले, हात जोडले. कुणाच्या देवाधर्मात डोळे घालू नयेत, म्हणून मीही पाठ फिरवली. पाण्याचा घोट ऐकला आणि सही ठोकली. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या गोळ्या दिल्या, पण पाणी ऐकून सही पहिल्यांदाच केली.

हौसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "दाखवा की आता. त्या बाई काय परक्या हायेत व्हय?"

आबांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. तिकिटाच्या कागदात गुंडाळलेल्या दोन कॅप्सूल. पिवळ्याधमक, कोरड्या.

मला राग यायला पाहिजे होता. पण त्यांचा चेहरा बघून तो आला नाही. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता, फार विचार करून काही ठरवलेल्या माणसाचा होता.

"का हो आबा?"

"सांगतो. मी येडा न्हाई, शिस्टरबाई. एका साली कांद्यात तण लई माजलं. तणनाशक मारायचं तर कांदा पिवळा पडंल म्हनून मी काय केलं, त्याच पंपात टॉनिक घातलं. म्हनलं कांद्याला जोर ऱ्हाईल. तर कांदा ऱ्हायला तसाच आन् तण आलं गुडघ्याएवढं. टॉनिक काय वळखतं का, हे पीक आन् हे तण? तुमची ही दवा आतड्याला वाचिवती म्हंता. मग ती गाठीला बी वाचवंल. म्या म्हनलं, आतडं जळू दे. गाठ मेली पायजे."

"मग डॉक्टर मॅडमना विचारायचं की."

"इचारलं आसतं. पर मॅडम इतकं समजावून सांगत व्हत्या. पोरगा शेजारी बसलेला. संमतीच्या फारमाची अठरा पानं वाचली त्यानं. मॅडम म्हनल्या, कळलं का आबा? म्हनलं, कळलं. आता न्हाई कसं म्हनायचं?"

"ह्यास्नी समदंच कळतं," हौसाबाई म्हणाल्या. "दुकानदार सांगंल ती फवारनी कळती, पोराचं लग्न कुठं जमवायचं ते कळतं. फकस्त बायकोचं कळत न्हाई."

मी तिथूनच मॅडमना फोन लावायला लागले. लोणी गेलं, उरुळी गेलं, रेंज येईना. मनात म्हटलं, हे सांगितलं की आपल्या फाइलला मेमो लागणार. नाही सांगितलं तर उद्या दुसरा वाढीव डोस, आणि पहिल्याला आडोसा नव्हता हे कुणालाच माहीत नसणार. एकदा असंही मनात आलं, की उद्यापासून नीट गिळायला लावू, झालं. खोटं कशाला बोलू, आलं मनात. समोर आबा हौसाबाईंना पाणी ओतून देत होते. यवतला फोन लागला.

मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या मशीनवर घ्यायचं नाही. आधी माझ्याकडे आणा. पोटात दुखलं किंवा काळी शी झाली तर लगेच कळवायला सांगा. आणि सिस्टर, तुम्ही बघितलं होतं ना?"

"नाही मॅडम. पाठ फिरवली होती."

"बरं. तसंच लिहा."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी आबांना कांद्याची सगळी गोष्ट पुन्हा सांगायला लावली, आणि पेन खाली ठेवून ऐकली.

"आबा," त्या म्हणाल्या, "तुमची शंका बरोबर आहे. हे औषध शिरेतून दिलं तर ते अंगभर फिरतं, मग तीच भीती असते. म्हणून आपण तोंडातून देतो. ते आतड्यात उतरतं आणि बहुतेक तिथल्या अस्तरातच राहतं. गाठ भिंतीच्या पलीकडं. तिथपर्यंत ते फारसं पोचत नाही, असं आतापर्यंत दिसलंय."

आबा म्हणाले, "म्हंजी टॉनिक पंपात न्हाई घालायचं. आमच्या शेवंतीच्या रोपांवर गोनपाट टाकायचं आन् सरीत तणनाशक मारायचं."

"तसंच."

"पर पोचत न्हाई हे पक्कं का?"

"पक्कं नाही. पक्कं असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

हौसाबाईंनी मॅडमकडं पाहिलं, मग आबांकडं. मला वाटलं, आता हे उठून जाणार. आबा मात्र सैल होऊन मागं टेकले.

"मग ठीक हाय. ज्याला समदंच पक्कं ठावं आसतं, त्याच्या दुकानातनं मी दवा घेत न्हाई."

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. आमच्या फिजिसिस्ट सरांनी सगळी गणितं पुन्हा मांडली. फिजिसिस्ट म्हणजे किरण कुठून किती जाणार ते मोजणारा माणूस. पहिल्या डोसाला आतड्यानं किती सोसलं, आणखी किती सोसेल, हे काढलं. प्रकरण हॉस्पिटलच्या कमिटीपुढं गेलं. आठवडाभर उपचार थांबले. तो आठवडा मी रोज सकाळी फोन करायची, "आबा, पोट कसंय?" हौसाबाई उचलायच्या, "पोट बरं हाय, डोकं तेवढं तपासा."

शेवटी परवानगी आली, पण थोडी कातरून. उरलेले चार डोस औषधासकट द्यायचे, मात्र आतड्याला लागून असलेल्या बाजूला वाढीव डोस द्यायचा नाही. म्हणजे गाठीच्या त्या कडेला आबांना जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. ते माझ्या पाठ फिरवण्याचं फळ. मी तसं आबांना तोंडावर सांगितलं.

"तुमचं आर्धं, माजं आर्धं," ते म्हणाले. "वाटून घिऊ."

दुसऱ्या डोसाला ते खिडकीकडं वळले तशी मीही त्यांच्यासमोर जाऊन, उन्हात उभी राहिले. सूर्य माझ्या पाठीशी आला. त्यांनी हात जोडले, ते सूर्याला की मला ते कळायला मार्ग नव्हता. कॅप्सूल गिळल्या, जीभ वर करून दाखवली. संध्याकाळी गाडीत माझ्या तोंडासमोर मोठ्ठा "हा" केला.

"येतो का वास?"

"येतो, आबा." गाडीचा अर्धा डबा रिकामा झाला होता.

याला आता सव्वा वर्ष झालं. गाठ गेली नाही. बारीक झाली, थांबली, आता परत थोडी वाढायला लागल्याची शंका आहे. आतडं शाबूत आहे, आबा भाकरी खातात, यंदाची शेवंती त्यांनी स्वतः उभं राहून तोडून घेतली. अभ्यासाचा निकाल अजून यायचाय. एका दत्तूआबावरून काही ठरत नाही, हे ते स्वतःच लोकांना सांगतात.

मला मेमो मिळाला, तो फाइलला आहे. मॅडमनी फॉर्मबरोबर आणखी एक कागद जोडायला घेतला. त्यावर पेशंटनं स्वतःच्या शब्दांत लिहायचं किंवा सांगायचं, यात तुम्हाला खोट कुठं दिसते. बहुतेक जण लिहितात, "काही शंका नाही, सर्व कळले."

तसं लिहिलं की मी खुर्ची ओढून बसते.