राणीच्या पिंजऱ्यात नगरसेवक

वेल्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावातली व्हिक्टोरियन जत्रा एलुनेदबाईच भरवायच्या. त्या वर्षी नगरपालिकेने मदत बंद केली. ठराव मांडणारे नगरसेवक इदवाल म्हणाले, "जुने झगे घालून मिरवायला लोकांचा पैसा कशाला?"

जत्रेच्या शनिवारी भर दुपारी व्हिक्टोरिया राणीचा काळा झगा घालून एलुनेदबाई समुद्राकाठी अवतरल्या. बरोबर खोट्या मिशांचे दोन पोलीस आणि चाकांवरचा लाकडी पिंजरा. इदवाल तिथे आइस्क्रीम चाटत उभे होते.

"राणीच्या राज्यात अर्धी चड्डी? टाका रे याला आत!"

"अहो बाई, पुरे झाली चेष्टा!" इदवाल गजांआडून ओरडले.

"वीस पौंड जामीन. कोण भरतंय?"

गर्दीतून त्यांची बायको नेस्ता पुढे आली, तेव्हा इदवालना हायसं वाटलं. तिने पैसे टेकवले आणि ती म्हणाली, "हे घ्या, पण सोडू नका. एक तास तरी मला निवांत चहा पिऊ द्या."

मग काय, रांगच लागली. मासेवाल्याने पैसे भरून इदवालची कैद अर्ध्या तासाने वाढवली, हॉटेलवालीने दोन तासांनी. संध्याकाळपर्यंत जत्रेतल्या बँडवाल्यांना द्यायचे पैसे सुटले.

बाहेर आल्यावर इदवाल कंबर चोळत गुरगुरले, "पुढच्या वर्षी आत निदान एक खुर्ची तरी ठेवा!"