इंदूच्या हाताची चव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवापुढं हात जोडतानाही मनात येऊ दिलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या घरी संध्याकाळी टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम लागतात. नात ऋतुजा कॉलेजात आहे, तिला त्यांचं वेड. एकात स्पर्धा असते. परीक्षक चमचाभर खातात, डोळे मिटतात नि निकाल देतात. दुसरी एक परदेशी मालिका आहे, मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यातली. तिच्यातला मुख्य आचारी सगळ्यांवर सारखा खेकसत असतो. ऋतुजा मला शेजारी बसवून घेते नि विचारते, आबा, हे खरं असतं का? कारण मी सगळं आयुष्य आचारी होतो, इथंच सोलापुरात.

मग मी सांगतो. म्हणतो, भट्टीपुढं उभं राहून एवढं ओरडायला दम कुणाकडं असतो? गर्दी वाढली की खऱ्या भटारखान्यात माणसं बोलतच नाहीत, नुसते हात पुढं करतात. म्हणतो, यांच्या पायाखालची फरशी बघ, कशी कोरडी ठणठणीत. आणि हे पांढरे कपडे शेवटपर्यंत पांढरे कसे राहतात? कधी स्पर्धेत कुणी कांदा परतत असतो, मी म्हणतो, गेला, करपला, आता भाजी कडू होणार — आणि थोड्या वेळानं परीक्षकही तेच म्हणतो. घरात सगळे हसतात. सून म्हणते, आबांना पडद्यातूनसुद्धा चव कळते.

चव — मी रंगावर बोलतो, आवाजावर बोलतो, सुरी धरण्यावर बोलतो. चवीवर कधी बोललोय का? ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका भागात स्पर्धकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चमच्यातलं काय ते ओळखायला लावलं. ऋतुजा उठली नि स्वयंपाकघरातून दोन-तीन वाट्या घेऊन आली. म्हणाली, आबा, डोळे मिटा. मी तिचा हात झटकला. वाटी सांडली. असले खेळ पोरांनी खेळावेत, असं काहीतरी बोललो आणि आत जाऊन पडलो. नंतर ती माफी मागायला आली. तिनं कशाची माफी मागायची?

मला चव कळत नाही. वासही येत नाही. पन्नासेक वर्षं झाली असतील.

पण कबूल करायचं आहे, ते हे नाही. हे नुसतं दुखणं झालं, ते कुणालाही होतं.

दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनवर अजून लाल मिलो, ती अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायचा, तेव्हाची गोष्ट. सात रस्त्याजवळच्या एका खाणावळीत मी मुख्य आचारी होतो. वय कोवळं, पण हात बसलेला. एका दुपारी ऐन गर्दीत वरणाचं पातेलं उचलून वळलो आणि ओल्या फरशीवर पाय सरकला. डोकं मागच्या बाजूनं मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. टाके पडले, काही दिवस घरी पडून राहिलो. कामावर परत गेलो, फोडणी टाकली — मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, आणि वास म्हणून काही आलाच नाही. वाटलं, सर्दी असेल. चहा प्यायलो तर नुसतं गरम पाणी. तिखटाची जिभेवर आग व्हायची, तेवढीच. बाकी सगळं ओला कागद चघळल्यासारखं. ती सर्दी कधी गेलीच नाही.

मालकाला सांगितलं असतं तर? ज्याला वास येत नाही असा आचारी कोण ठेवून घेईल? मी गप्प बसलो. मापं हातांना माहीत होती, फोडणीचा आवाज कानांना, तर्रीचा रंग डोळ्यांना. नवं काही करायला जायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. खाणावळीत कुणाला संशय आला नाही.

अडचण घरी होती.

इंदू, माझी बायको, बार्शीकडची. लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ लावून आमच्याकडं येसराची आमटी करतात. इंदूची येसराची आमटी मागायला चाळीतली माणसं वाट्या घेऊन यायची. मी आचारी, तरी मला तशी जमायची नाही, आणि हे मीच तिला सांगायचो. रोज जेवताना ती विचारायची, कसं झालंय? मग मी नेमकं सांगायचो — खोबरं आज जरा जास्त भाजलंस, लसूण मात्र बरोबर लागलाय. तिला ते ऐकायला आवडायचं. आमचं नवराबायकोचं बोलणं बरंचसं त्याच्यावरच चालायचं.

पडल्यानंतर मी नुसतं "बरंय" म्हणू लागलो. थोड्या दिवसांनी ती म्हणाली की तुमी आता काईच सांगत न्हाई, लक्ष कुटं असतंय? दुसऱ्या दिवशी मी घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, तेल जास्त झालंय.

तिनं लगेच मानलं.

तेव्हा मला कळलं — दोष काढायला चव लागत नाही. तोंड वाकडं करता आलं की झालं. वाखाणायचं असेल तर काय चांगलं झालंय ते सांगावं लागतं, तिथं माणूस पकडला जातो. टीव्हीवरचे ते परीक्षक चमचा खाली ठेवून मान हलवतात ना, तेव्हा मी पडद्याकडं बघत नाही. ऋतुजाला वाटतं, आबांना डुलकी लागली.

मग मी रोज काही ना काही काढायचो. मीठ कमी. हळद कच्ची. भाकरीला वास मारतोय — वास, मी म्हणायचो! ती आधी हसण्यावारी न्यायची. मग हसणं गेलं. मग मी पहिला घास घेईपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायला लागली. पुढं पुढं तिनं येसराची आमटी करायचंच सोडलं. मला काय वाटायचं, म्हणता? काही वाटायचं नाही. जेवण म्हणजे पोट भरणं, तसं तिचं उतरलेलं तोंड म्हणजे उतरलेलं तोंड. मी हात धुऊन कामावर जायचो.

शेजारी नरसव्वा राहायची. मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातली, बोलायला धीट. तिनं इंदूच्या मनात भरवलं की एकटे राहणारे कितीतरी गिरणी कामगार आहेत, आपण दोघी मिळून डबे देऊ. इंदूनं मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फार दिवसांनी खुललेला दिसला. आणि मी काय विचार केला, ते सरळ सांगतो. उद्या दहा माणसांनी हिच्या हातची चव वाखाणली, तर रोज नावं ठेवणारा मी कोण ठरेन? आचारी असून हा खोटं का बोलतोय, असं कुणीतरी विचारणारच.

एका रविवारी तिनं नमुन्याचा डबा केला. येसराची आमटी केली. नरसव्वा पातेलं घेऊन गेली, तिच्या घरच्यांना चाखवायला. इंदूनं एक वाटी माझ्यापुढं ठेवली. हात ओले नव्हते तरी पदराला पुसत राहिली. त्या दिवशी तिनं विचारलं मात्र नाही.

मी भुरका मारला. "खारट झालंय," म्हणालो. "मीठ लई पडलंय."

तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. थांबलो नाही.

"इंदू, तुझ्या हाताला चव न्हाय. लोकांस्नी हे घालणार हायस व्हय?"

तिनं वाटीत बोट बुडवलं. चाखलं. वाटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. खारटच झालंय की."

संध्याकाळी नरसव्वा पातेलं परत द्यायला आली. इंदू नळावर गेली होती. नरसव्वा हसत होती. "अण्णा, वैनी मीठ घालायलाच इसरल्या," म्हणाली. "मी वरून घातलं. पण हाताला चव काय हाय हो त्यांच्या."

मीठ नव्हतंच त्यात.

इंदूनं बोट बुडवून चाखलं होतं, अळणी लागलं असणार, आणि ती खारट म्हणाली. का? स्वतःच्या जिभेपेक्षा तिनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला? की त्या घटकेला तिला माझं सगळं कळलं, आणि तिनं मला झाकून घेतलं? त्यानंतर जन्मभर एका घरात राहिलो आम्ही. मी विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

नरसव्वाला तिनं स्वतःच नाही म्हणून सांगितलं. नरसव्वानं दुसरी बाई सोबत घेतली, त्यांचे डबे पुष्कळ वर्षं चालले. इंदू घरी रांधत राहिली. पण मीठ घालायच्या आधी तळहातावर घेऊन माझ्यापर्यंत यायची नि विचारायची, एवढं घालू? मी म्हणायचो, थोडं काढ. किंवा म्हणायचो, आणखी घाल. मनाला येईल ते. पाहुणे आले की मीच चुलीपुढं बसायचो. मुलगा हेच बघत मोठा झाला — आईच्या हाताला चव नाही, पण आबा आहेत. सूनही हेच शिकली. ते वाक्य मी बोललो होतो. पुढं ते घराचंच झालं.

खाणावळ सुटली, नोकरी जाण्याची भीती संपली. तरी सांगितलं नाही. तेव्हा कशाची भीती उरली होती?

दोन वर्षांपूर्वी इंदू गेली.

तेराव्याला मांडवात पंगत बसली. पाहुण्यांतली एक बाई शेजारणीला म्हणत होती, माणूस सोन्यासारखं, बिचारीच्या हाताला चव तेवढी नव्हती. मी दोन पानं सोडून बसलो होतो. ऐकलं. मुलानंही ऐकलं, त्यानं मान हलवली. बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं.

स्वयंपाकाला लावलेला आचारी, मीही जुना आचारी म्हणून, मुद्दाम माझ्या पानापुढं येऊन थांबला. त्यानं विचारलं, "आबा, कसं झालंय?"

सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. मी घास घेतला, थोडा वेळ तोंडात घोळवला.

"मीठ जरा कमी हाय," म्हणालो.

सून मीठ घेऊन आली. मी ते पानात वाढून घेतलं आणि जेवलो.